घरचा हिशेब : गाडीचे इंजिन दमले, दुरुस्त करावे की बदलावे?

कष्टकऱ्याच्या दारातील जुनी व्हॅन ही हौसेची वस्तू नसते. पहाटे ती बाजार समितीतून भाजी आणते, दुपारी मंडपाचे सामान वाहते, लग्नसराईत माणसे नेते आणि रात्री-अपरात्री वस्तीतील एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवते. अशी गाडी बंद पडली की घरात येणारा रोजचा पैसाही बंद होतो. म्हणूनच "इंजिन गेले, आता काय करावे?" हा प्रश्न आम्ही गाडीचा समजत नाही, संसाराचा समजतो. या सदरात आज त्याचाच हिशेब मांडू.

उदाहरणासाठी आम्ही मारुतीची ओम्नी घेतो, कारण आपल्या वस्त्यांत तीच अधिक दिसते. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वापरलेली आणि वय झालेली आहे. इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे, पुढच्या सीटखाली बसवलेले. यंत्र साधे आहे. गल्लीतला मिस्त्रीही ते खोलतो. पण खोलण्याआधी विचार करावा, असे आमचे सांगणे आहे.

'इंजिन गेले' म्हणजे नेमके काय गेले?

वाचक बंधु-भगिनींनो, ताप आला म्हणून कोणी लगेच शस्त्रक्रिया करीत नाही. आधी तपासणी होते. गाडीचेही तसेच आहे. गाडी ओढत नाही एवढ्यावरून इंजिन बाद ठरवू नका. क्लच घसरत असेल तर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. एअर फिल्टर तुंबला, प्लग खराब झाले, तरीही ओढ कमी होते. गाडी तापते म्हणाल तर आधी रेडिएटर, होज पाइप, थर्मोस्टॅट, पंखा आणि पाण्याचा पंप बघा. ही सारी कामे इंजिनाच्या मानाने स्वस्त आहेत.

त्यानंतर धुराकडे पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ आली तर घाबरू नये. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. आतून खोल ठोके ऐकू येत असतील किंवा ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागत असेल, तर गाडी तिथेच बंद करावी. तशीच घरापर्यंत रेटली तर हजारांचे काम दसपट होते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी कॉम्प्रेशनची. प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. तिन्ही आकडे बरोबरीचे आले पाहिजेत. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजली आहे. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असण्याचा संभव अधिक. या तपासणीला फार खर्च येत नाही. तरी अनेक मिस्त्री ती न करताच "इंजिन काम काढावे लागेल" म्हणून मोकळे होतात. आपण आग्रह धरावा, आणि आकडे वहीत लिहून घ्यावेत.

चार वाटा

तपासणी झाली की आपल्यापुढे चार वाटा असतात.

(१) फक्त हेडचे काम. व्हॉल्व्ह जळला असेल किंवा गॅस्केट गेली असेल तर एवढ्यावर भागते. मात्र तापलेले हेड वाकते. ते लेथवाल्याकडे नेऊन सपाट करून घ्यावे आणि त्याला तडा गेला आहे का, याची दाब देऊन परीक्षा करावी. हे टाळून नुसती नवी गॅस्केट टाकली तर ती पुन्हा जाते.

(२) पूर्ण इंजिन बांधणे. बोअर झिजली की ती गोल राहत नाही. ती कापून पुढच्या मापाची करतात आणि त्या मापाचे पिस्टन-रिंगा घालतात. क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगे बसवतात. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून 'स्वस्तात करून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. धूर काही दिवस थांबतो आणि परत येतो. तो खर्च वाया गेला असेच समजावे.

(३) जुन्या बाजारातले इंजिन. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात असा माल मिळतो. काम एक-दोन दिवसांत होते, हा मोठा फायदा. पण ते इंजिन किती चालले, किती वेळा तापले, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. शिवाय इंजिन क्रमांक आपल्या आर.सी. पुस्तकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलताना आर.टी.ओ.ची परवानगी आणि नोंद लागते. विकणाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये. उद्या ते चोरीच्या गाडीचे निघाले तर चौकीची पायरी आपल्याला चढावी लागेल. अपघात झाला आणि क्रमांक जुळला नाही तर विम्याचा दावाही अडेल.

(४) गाडी काढून दुसरी घेणे. यात कर्जाचा हप्ता येतो. तो फेडण्याइतके काम बारा महिने हाताशी आहे का, हे आधी पाहावे. लग्नसराईच्या चार महिन्यांच्या कमाईवर वर्षाचा हप्ता ठरवू नये.

एका घराचा हिशेब

कल्याणच्या बाजार समितीतून भाजी आणून अंबरनाथला विकणारे एक जोडपे आमच्याकडे आले होते. नावे सांगण्याचे कारण नाही. गाडी २०१० सालची मालवाहू ओम्नी. पहिल्या मिस्त्रीने सांगितले, "इंजिन संपले. जुने इंजिन टाकून सगळे मिळून पस्तीस हजारांत करून देतो." घरात अठ्ठावीस हजार होते, तेही मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले. उरलेले सात हजार आणि वरखर्च एका ओळखीच्या इसमाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने उचलायचे त्यांच्या मनात होते.

आम्ही नवऱ्याला विचारले, "कॉम्प्रेशन मोजले का?" तो म्हणाला, "नाही साहेब, त्याने आवाज ऐकूनच सांगितले."

बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "दादा, फीचे पैसे पोरीचे आहेत. ते गाडीत जाणार नाहीत. तेवढे सोडून काय करायचे ते तुम्ही दोघे ठरवा."

आम्हांला ही अट फार मोलाची वाटली. हिशेब नेहमी अशाच अटीपासून सुरू व्हावा. कोणत्या पैशाला हात लावायचा नाही ते पहिल्या ओळीत लिहावे आणि मग उरलेल्यात मार्ग शोधावा.

दुसऱ्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घेतले. दोन सिलिंडर जवळजवळ बरोबरीचे, पण थोडे कमी. तिसरा निम्म्याच्याही खाली, आणि ऑइल घातल्यावरही काटा हलला नाही. हेड उघडले तेव्हा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला निघाला. बोअरही थोडी झिजलेली होती, पण गाडी अडेल इतकी नाही. मग आम्ही गाडीखाली वाकून पाहिले. भाजीच्या पाण्याने मागची पत्र्याची जमीन गंजून दोन ठिकाणी आरपार झाली होती.

आता तीन रकाने मांडले. पूर्ण इंजिन बांधायला पंचेचाळीस हजार, आणि गाडी दहा दिवस बंद. रोजची निव्वळ कमाई सातशे धरली तर आणखी सात हजार. एकूण बावन्न हजार. इंजिन चार वर्षे चालले असते, पण पत्रा दोन वर्षांवर टिकणार नव्हता. मग चोवीस महिन्यांनी भागले, तर महिन्याला सुमारे दोन हजार एकशे सत्तर रुपये पडले.

हेडचे काम, सोबत पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि टायमिंग बेल्ट धरून चौदा हजार. चार दिवस बंद, म्हणजे दोन हजार आठशे. एकूण सोळा हजार आठशे. गाडी निदान एक वर्ष चालेल असे मिस्त्रीचे मत. म्हणजे महिन्याला चौदाशे.

वापरलेली दुसरी गाडी घ्यायची तर दोन लाख वीस हजार. जुनीचे तीस हजार आले तरी एक लाख नव्वद हजारांचे कर्ज. मुद्दलच पाच वर्षांत वाटले तर महिन्याला तीन हजार एकशे सदुसष्ट, व्याज वेगळे. पाच वर्षांनी त्या गाडीचे काही मोल उरेल हे खरे, पण हप्ता आजच द्यावा लागतो.

शेवटी असे ठरले की हेडचे काम करायचे, पूर्ण इंजिनावर खर्च करायचा नाही, आणि आजपासूनच दुसऱ्या गाडीची तयारी करायची. चौदा हजारांपैकी आठ हजार बचत गटातून मिळाले, बाकीचे दुकानाच्या खेळत्या पैशातून. पत्र्याला वेल्डिंगचे ठिगळ मारले. मुलीची फी वेळेवर भरली गेली. गाडी धावते आहे. थोडा निळा धूर सोडते आणि ऑइल मागते, म्हणून ते दर आठवड्याला पट्टी पाहतात.

आकडे त्या घरचे आहेत. तुमच्या गावात दर वेगळे असतील. मांडणी मात्र हीच ठेवा.

निर्णय करताना

पत्रा व चासी धड असेल, कागद स्वच्छ असतील आणि रोजचे काम ठरलेले असेल, तर इंजिन बांधणे परवडते. पत्राच कुजला असेल तर नव्या इंजिनाचा उपयोग नाही. मोडक्या मडक्याला तांब्याचे झाकण लावण्यातला तो प्रकार होय.

वयाचा खर्चही धरावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. मोटारीसाठी ही फी २०२२ साली पाच हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. ही रक्कम दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलीच पाहिजे.

"गेल्या वर्षीच वीस हजार घातले, आता कशी सोडू?" असे अनेकजण म्हणतात. ते वीस हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. पुढे काय लागणार आणि पुढे काय मिळणार, एवढेच पाहावे.

खासगी सावकाराचे पैसे शक्यतो घेऊ नयेत. शेकडा पाच म्हणजे चाळीस हजारांवर महिन्याला दोन हजार आणि वर्षाला चोवीस हजार नुसते व्याज. मुद्दल तसेच उभे राहते. पतपेढी, बँक किंवा बचत गट यांचे दार आधी ठोठवावे.

मिस्त्री भला असला तरी व्यवहार लेखी असावा. कोणते भाग बदलणार, मजुरी किती, लेथचा खर्च कोणाकडे, गाडी कोणत्या दिवशी मिळणार, हे कागदावर घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. किती महिन्यांची हमी, तेही बिलावर लिहून घ्यावे. यात संशयाचा प्रश्न नाही, दोघांच्याही सोयीची ती गोष्ट आहे.

इंजिन बांधून आणल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवावी, जड माल भरू नये आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी न घालता कूलंट वापरावे. क्षाराने आतल्या वाटा तुंबतात आणि गाडी पुन्हा तापू लागते.

शेवटची सूचना लहान आहे. दर किलोमीटरमागे एक रुपया बाजूला ठेवा. रोज पन्नास किलोमीटर आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर तेराशे रुपये होतात, वर्षाला पंधरा हजार सहाशे. हा पैसा गाडीचा, घरखर्चाचा नव्हे. डबा वेगळा ठेवावा आणि वही घरातल्या बाईच्या हाती द्यावी. ज्या घरात असा डबा आहे, तिथे इंजिन बिघडले तरी मुलांच्या फीला हात लावण्याची वेळ येत नाही.

पुढच्या अंकी जुन्या गाडीच्या विम्याविषयी लिहू.