एक्स्प्लेनर : नौदल दिन ४ डिसेंबरला; मग ९ डिसेंबर का विसरायचा?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. आपल्याकडे सैनिक म्हटलं की डोळ्यांसमोर लष्करातलाच माणूस येतो. समुद्रात गेलेल्याचं पार्थिवही अनेकदा गावी येत नाही. म्हणूनच ‘आयएनएस खुकरी’बद्दल बोलायला हवं.

काय घडलं होतं?

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री नौदलाने कराचीवर हल्ला केला. त्याच विजयाचा आपण नौदल दिन साजरा करतो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी शोधायला निघालेली ‘खुकरी’ ही फ्रिगेट त्याच पाणबुडीच्या, ‘हंगोर’च्या टॉर्पेडोला बळी पडली. जहाज काही मिनिटांत बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट सहकाऱ्याला दिलं आणि जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

का बुडाली?

सोनार म्हणजे जहाजाचा पाण्यातला कान. ‘खुकरी’चा सोनार जुना, कमी पल्ल्याचा. फ्रेंच बनावटीच्या ‘हंगोर’ला मात्र जहाजांचा आवाज खूप लांबून टिपता येत होता. त्यात सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग जहाजावर सुरू होता. त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे आणि संथ जहाज म्हणजे पाणबुडीला सोपं लक्ष्य.

मग मुद्दा काय?

मुल्लांच्या धैर्यापुढे मान झुकतेच. पण मी इंजिनिअरिंग शिकलोय, त्यामुळे एक गोष्ट खटकते. आपण बलिदानाची गोष्ट सांगतो आणि सोनारची गाळतो. धैर्याने उपकरणाची उणीव भरून निघत नाही. तिची किंमत शेवटी माणसंच मोजतात.

देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी नौदलाची पथकं आपल्या दारात पाहिली. नौदल आपल्याला परकं नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांनी ९ डिसेंबरला एक तास ‘खुकरी’साठी द्यावा. शौर्य सांगावंच, सोनारही समजावून सांगावा. उद्या नौदलात जाणाऱ्या पोरांना ‘जहाजावर यंत्रणा कोणती आहे?’ हा प्रश्न विचारता आला पाहिजे.