लायसन माणसाचं की मशीनचं?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांचं डीटीपीचं, झेरॉक्सचं दुकान आहे, किंवा ज्यांच्या घरी बाबांनी-आजोबांनी टाईप करून घेतलेली पानं एखाद्या जुन्या सीडीत पडून आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

नांदगाव पेठेत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, भंडाऱ्याचे बॅनर, टेक्सटाईल पार्कातल्या ठेकेदारांची लेटरहेडं. वीस वर्षं होऊन गेली. मागच्या महिन्यात पुण्याहून एक ताई आली. तिचे वडील आमच्याच भागातले मास्तर. २००६ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, त्या मीच टाईप केल्या होत्या. शंभर प्रती निघाल्या, नातेवाइकांत वाटून संपल्या. आता मास्तर नाहीत. ताईला पुस्तक परत छापायचं आहे. फाईल तिने जिवापाड जपली होती, पण तिच्या मॅकवर उघडली तर मराठीचं एक अक्षर दिसत नव्हतं. नुसता इंग्रजी अक्षरांचा अन् चिन्हांचा चिवडा.

"काका, फाईल खराब झाली काय?"

म्हटलं, "फाईल ठणठणीत आहे पोरी. कुलूप लागलं आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी आम्ही सगळे पेजमेकरवर काम करायचो अन् पेजमेकरला युनिकोड मराठी समजत नव्हती. म्हणून कंपन्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसतं. कोणता तुकडा कोणत्या जागेवर, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. म्हणजे त्या कंपनीचा फॉन्ट असेल तरच मजकूर वाचता येणार. फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत, अन् सॉफ्टवेअर चालणार ते लॉक लावलं तरच. बोटाएवढं लॉक, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं.

माझं लॉक अजून आहे. टेबलाखालच्या जुन्या विंडोज मशीनला. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच येत नाही. विक्रेत्याला फोन केला. उत्तर असं की नव्या विंडोजसाठी नवीन व्हर्जन घ्या, जुनं बिल दाखवलं तर थोडी सूट मिळेल. मॅकसाठी पॅकेज वेगळं, त्याची किंमत वेगळी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही, धंद्याची रीतच ही होती.

दुकानात बसलेला एक शेतकरी हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊ, ट्रॅक्टर बदलला म्हणून वावराची खरेदी परत करा लागते काय?"

याहून नेमका प्रश्न मला सुचला नसता.

आता कंपनीचीही बाजू मांडतो, नाही तर ते बरोबर होणार नाही. मॅकसाठी प्रोग्राम खरंच वेगळा लिहावा लागतो. मराठी डीटीपीत मॅकवाले गिऱ्हाईक बोटावर मोजण्याएवढे, खर्च तेवढ्यांतच वाटायचा, म्हणून किंमत चढते. अन् लॉक का आलं, तेही प्रामाणिकपणे सांगू. एकाने विकत घ्यायचं अन् दहा दुकानांनी कॉपी मारायची, हे आपणच केलं. माझं पहिलं वर्ष कॉपी केलेल्या सीडीवरच गेलं. त्यामुळे "सगळं फुकट द्या" म्हणायचा मला हक्क नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या एका किमतीत तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. प्रोग्राम, फॉन्ट अन् माझा मजकूर. प्रोग्राम मशीनगणिक वेगळा लिहावा लागतो, त्याचे वेगळे पैसे घ्या, तक्रार नाही. पण आजच्या फॉन्टची फाईल विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर तीच चालते. मग मशीन बदललं म्हणून अक्षरांचे परत पैसे कशाचे? अन् तिसरी गोष्ट, मजकूर, तो तर मास्तरांचा. तो कंपनीने कधी विकलाच नव्हता. पण लॉकने सगळ्यात पक्का अडकवला तो मजकूरच.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ बघा. कायदेशीर विकत घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढायची मुभा त्यात आहे. पण लॉकचा बॅकअप निघत नाही. म्हणजे कायद्याने हक्क दिला अन् प्लॅस्टिकच्या तुकड्याने तो काढून घेतला.

कोणी म्हणेल, जगभर असंच चालतं. अडोबीचं खोक्यातलं फोटोशॉप घ्यायचे तेव्हा विंडोजचं वेगळं अन् मॅकचं वेगळं होतं, खरं आहे. पण २०१३ मध्ये कंपनी भाड्याच्या पद्धतीवर गेली अन् तेच लायसन दोन्हीकडे चालायला लागलं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसचंही तसंच, वर्गणी भरली की विंडोज अन् मॅक दोन्ही. म्हणजे ही भिंत काही देवाने बांधलेली नव्हती. कंपनीच्या सोयीचं झालं तेव्हा ती पडली.

फक्त भिंत पाडताना त्यांनी घरमालकच बदलला. आता भाडं थांबलं की काम थांबलं. आमची कमाई लग्नसराईची. पितृपक्षात दुकानात माशा मारत बसतो, पण भाडं त्याही महिन्याचं लागतं. त्यामुळे तोही उपाय आमच्यासारख्यांचा नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण हा फक्त दुकानदाराचा प्रश्न नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा फॉन्ट मोफत दिला. मुंबईच्या एक टाईपचा मुक्त फॉन्ट खुल्या परवान्यावर आहे, कोणत्याही मशीनवर टाका, कोणी पावती मागत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण काढलं. केरळने आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर चालवून दाखवल्या. साधनं आहेत, धोरण आहे, उदाहरणही आहे.

अन् आपण? २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मराठी भाषा विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात रिद्धपूरला आलं, अभिमान आहे. पण नव्वदीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं गावोगावी जे मराठीत टाईप झालं, स्मरणिका, गावाचे इतिहास, पतसंस्थांचे अहवाल, मास्तरांसारख्यांच्या आठवणी, त्यातलं कितीतरी अशा कुलपात आहे. लीळाचरित्र शेकडो वर्षं हातांनी उतरवून टिकलं. वीस वर्षांपूर्वीचं मास्तरांचं पुस्तक उघडायला मला एक मरायला टेकलेलं मशीन लागलं.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत.

एक, लायसन माणसाच्या नावावर द्या. मशीन बदललं तर बदलीचा वाजवी खर्च घ्या, परत पूर्ण किंमत नको. अन् एखादं व्हर्जन बंद करत असाल तर त्याचा मजकूर युनिकोडमध्ये काढून देणारं साधन मोफत द्या.

दोन, ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सॉफ्टवेअर घेताना एक अट टाका. विक्रेता उद्या नसला तरी आमचा मजकूर वाचता आला पाहिजे, तोही कोणत्याही मशीनवर.

तीन, सरकारी अनुदानातून जे पुस्तक निघतं त्याची युनिकोड फाईल जमा करून घ्या. छापील प्रती मागता, तशी फाईलही मागा.

मास्तरांच्या पुस्तकाचं काय झालं ते सांगतो. जुनं मशीन दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा चालू राहिलं. मजकूर काढला, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घातला. जोडाक्षरं बरीचशी नीट आली. पण "वऱ्हाड" शब्दातला तो आडवा र कन्व्हर्टरला काही केल्या ओळखता येईना. मास्तरांच्या पुस्तकात वऱ्हाड पानापानावर. तीन संध्याकाळी बसून एकेक हाताने दुरुस्त केला. फाईल पाठवली, ती ताईच्या मॅकवर उघडली, फोनवर उघडली, तिच्या पोराच्या टॅबवरही उघडली. कोणतंच लॉक लागलं नाही.

तुमच्याकडे असं जुनं लॉक अन् जुनं मशीन असेल, तर या रविवारी बसा अन् सगळ्या फाईली युनिकोडमध्ये काढून ठेवा, सोबत पीडीएफही. गिऱ्हाइकाची असेल तर त्याला फोन करून देऊन टाका. मशीन चालू आहे तोवरच हे होईल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर दुकानात या, चहा घेत भांडू.