सडपातळ झाडाचा सोस

घरातल्या कपाटाचे प्लायवूड सोलून पाहिले, तर आतला एखादा थर पॉप्लरचा निघण्याची शक्यता बरीच आहे. हे लाकूड पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गव्हाच्या शेतांतून येते. त्याची मोठी बाजारपेठ यमुनानगर. हिवाळ्यात पॉप्लरची पाने गळतात, म्हणून खालच्या गव्हाला ऊन मिळते. पण दाणा भरण्याच्या सुमारास नवी पालवी येते. मग झाड डेरेदार आहे की सडपातळ, यावर पोत्यांचा हिशेब ठरतो. शिवाय जाड फांदी म्हणजे लाकडात गाठ, आणि गाठ म्हणजे कमी भाव.

हा आकार बऱ्याच अंशी जनुके ठरवतात. अठराव्या शतकात इटलीतून युरोपभर गेलेला लोंबार्डी पॉप्लर घ्या. त्याच्या फांद्या खोडाला बिलगून सरळ वर जातात आणि झाड खांबासारखे दिसते. छाटकलमांनी वाढवलेल्या या नर झाडाचे रूप कुठेही लावले तरी तेच राहते. पॉप्लरचा जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्षांमध्ये तो पहिलाच. फांदीचा कोन ठरवणारे ‘टीएसी१’ हे जनुक मात्र आधी भातात सापडले. फुटवे पसरणार की उभे राहणार, हे तेच सांगते. पीचमध्ये ते निकामी झाले की झाड खांबासारखे वाढते. ‘बीआरसी१’ हे दुसरे जनुक बगलेतल्या कळ्यांना झोपवून ठेवते. पॉप्लरमध्ये जनुक-संपादनाने ते बंद केल्यावर झाड फांद्यांनी गच्च भरले.

अर्थात सगळे जनुकांवर सोडून भागत नाही. दाट लावणीत खालच्या फांद्या सावलीने वाळतात, मोकळ्यावर तेच वाण ऐसपैस पसरते. छाटणी चुकवता येत नाही ती नाहीच.

खरी काळजी वेगळी आहे. हवा तसा आकार सापडला की सगळे त्याच वाणाच्या मागे लागतात. उत्तरेत ‘जी-४८’ने लागवडीचा मोठा हिस्सा व्यापला तो असाच. फ्रान्समध्ये ‘बोप्रे’ नावाचे वाण तांबेऱ्याला दाद देत नाही म्हणून सर्वत्र लावले गेले. १९९४च्या सुमारास तांबेऱ्याची नवी जात आली आणि ते संरक्षण कोसळले. भाताचे वाण पुढच्या हंगामात बदलता येते, पॉप्लरची रांग सहा-सात वर्षे जागेवरून हलत नाही. म्हणून रोपवाटिकांनी सडपातळ आकाराची, पण वेगवेगळ्या कुळांतली चार-पाच वाणे तरी ठेवावीत आणि विकताना पावतीवर वाणाचे नाव लिहून द्यावे.