रस्ता कोणाचा?

शहरातील रस्ता ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु व्यवहारात ज्याचे वाहन मोठे त्याच्या वाट्याला रस्त्याचा मोठा भाग जातो आणि पायी चालणाऱ्याला भिंतीलगतची हातभर जागा उरते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. म्हणून जुन्या शहरात मोटारींना कितपत मोकळीक असावी, हा प्रश्न केवळ पोलीस खात्याचा नाही. शाळेत चालत येणाऱ्या मुलामुलींचा आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसांचाही तो प्रश्न आहे. त्याविषयीचे आमचे विचार वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या बडोद्याच्या जुन्या शहराची रचना पाहावी. पूर्वेस पाणीगेट, पश्चिमेस लेहरीपुरा दरवाजा, उत्तरेस चांपानेर दरवाजा, दक्षिणेस गेंडीगेट, आणि या चारी वाटा जेथे मिळतात तेथे मांडवी. मांडवीच्या प्रत्येक बाजूस तीन कमानी आहेत. त्या बांधल्या गेल्या तेव्हा त्यांखालून माणसे, घोडे, पालख्या आणि बैलगाड्या जात असत. आज पाणीगेटाबाहेर आजवा रस्त्यावर आणि वाघोडिया रस्त्यावर मोठी वस्ती झाली आहे. तेथील लोक बाजारासाठी, देवदर्शनासाठी, नातलगांकडे याच दरवाज्याने आत येतात. शहर वाढले, वाहने वाढली. दरवाजा मात्र होता तेवढाच राहिला. त्याची रुंदी वाढवावयाची तर तो पाडावा लागेल, आणि तसे कोणीही सुज्ञ मनुष्य सुचविणार नाही. जागा वाढविता येत नसेल तर तिचा वापर विचाराने करणे एवढाच मार्ग उरतो.

वाहनबंदीचा अनुभव आपल्याला अगदीच नवा नाही. गणेशविसर्जनाच्या दिवशी पोलिसांच्या जाहीरनाम्याने जुन्या शहरातील कित्येक रस्ते वाहनांस बंद होतात. त्या दिवशी पाणीगेटापासून मांडवीपर्यंतची वाट म्हातारी माणसे आणि लहान मुले निर्भयपणे चालतात, आणि एरवी रिक्षेवाचून न जाणाऱ्यांसही ते अंतर फार नाही असे आढळून येते. सणाच्या दिवशी जे आपण आनंदाने पाळतो त्याचा काही अंश इतर दिवशीही पाळता येईल काय, एवढेच आमचे विचारणे आहे.

इतर शहरांनी हा प्रयोग केलेला आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. त्याचा काही भाग महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी वाहनांस बंद ठेवून तो दिवस पादचारी दिन म्हणून पाळला, आणि पुढील वर्षांतही तो प्रघात चालू ठेविला. दिल्लीच्या चांदणी चौकातील मुख्य रस्त्यावर २०२१ सालापासून सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात मोटारवाहनांस मनाई करण्यात आली. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्यास कर द्यावा लागतो. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये तोच मार्ग धरिला. म्हणजे श्रीमंत देशांतील मोठ्या नगरांसही मोटारीला पुरेल एवढा रस्ता देता आलेला नाही.

परंतु बंदी घातली की सर्व सुरळीत झाले, असे आम्ही म्हणत नाही. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील माथेरानची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. माथेरान हे मोटारींवाचून चालणारे गिरिस्थान. खालून आलेली वाहने दस्तुरी नाक्याशी थांबतात, आणि पुढे मोटारीवाचून जावे लागते. हवा स्वच्छ, रस्ते शांत. पण त्या शांततेची किंमत कोणी दिली? तेथे वर्षानुवर्षे माणसाने ओढलेल्या रिक्षांतून माणसे जात राहिली. तांबड्या मातीच्या चढावर एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याला ओढून नेई. अखेर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे विजेवरील रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालविण्यास अनुमती दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश दिला. ती ओढणाऱ्यांची उपजीविका बुडू नये म्हणून न्यायालयाने उदाहरण दिले ते आपल्या गुजरातेतील केवडियाचे, जेथे विजेवरील रिक्षा स्थानिक लोकांस भाड्याने चालविण्यास दिल्या जातात.

यावरून एक गोष्ट उघड होते. मोटार बंद केली म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाते. कपड्याच्या गाठी दुकानात पोहोचवाव्याच लागतात. गॅसचे सिलिंडर पोळात न्यावेच लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना दवाखान्यात जावेच लागते. बंदीचा हुकूम काढणाऱ्याने हे ओझे आता कोण वाहणार, हा प्रश्न स्वतःला आधी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर 'हमाल आणि हातगाडीवाला' एवढेच असेल, तर ती सुधारणा नव्हे. ती केवळ सुखवस्तू लोकांची सोय होय.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिने याबाबत चांगला क्रम घालून दिला. तेथे जानेवारी २००६ मध्ये मोटारींवर प्रवेशकराचा सात महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. पण जादा बसगाड्या त्यापूर्वीच, ऑगस्ट २००५ मध्ये, रस्त्यावर आल्या होत्या. प्रारंभी लोकमत प्रतिकूल होते. कराच्या सीमेवरील वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली, लोकांनी फरक डोळ्यांनी पाहिला, आणि सप्टेंबर २००६ मध्ये शहराच्या मतदारांनी कौल दिला तो अनुकूल. पुढे २००७ साली कर कायम झाला. आधी साधन, मग बंधन, आणि शेवटी लोकांची संमती, असा हा क्रम आहे. आपल्याकडे बहुधा बंधन प्रथम येते आणि साधनाची वाट पाहावी लागते.

व्यापाऱ्यांची भीतीही आम्ही हसण्यावारी नेत नाही. गाडी दुकानापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असे त्यांस वाटते. परंतु मंगळबाजारात खरेदीस येणारे बहुतेक गिऱ्हाईक आजही चालतच दुकानाच्या पायरीशी येते; गर्दीत अडकलेली मोटार काही विकत घेत नाही. तरीही ज्याचे पोट त्या रस्त्यावर आहे त्याला विचारल्यावाचून निर्णय होऊ नये.

तेव्हा आमचे मत असे. चारी दरवाज्यांच्या आत खाजगी मोटारींवर सरसकट बंदी नको, तर ठराविक वेळांचे बंधन असावे, आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा त्यांत आधी धराव्यात. मालाची ने-आण पहाटे व रात्री व्हावी. रुग्णवाहिका, अग्निशामक दल आणि अपंगांची वाहने यांस केव्हाही अडवू नये. पाणीगेटाबाहेर मोटारी उभ्या करण्यास जागा आणि तेथून मांडवीपर्यंत लहान, विजेवर चालणारी, स्वस्त भाड्याची वाहने, ही व्यवस्था बंधनाच्या आधी झाली पाहिजे. आतील रहिवाशांना आपल्याच घरी जाण्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागू नयेत. आणि प्रारंभी हा सर्व प्रयोग काही महिन्यांपुरता असावा. फरक पाहून लोकांनीच त्याचा निवाडा करावा.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून आपल्याकडेही वळू. आपल्या मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत वाहनाने पोहोचविणारा प्रत्येक पालक दुसऱ्यांच्या चालत येणाऱ्या मुलांची वाट थोडी अधिक धोक्याची करीत असतो. त्याचा हेतू वाईट नसतो. रस्ता धोक्याचा आहे म्हणूनच तो वाहन काढतो, आणि त्याने वाहन काढल्यामुळे रस्ता अधिक धोक्याचा होतो. हे चक्र एकट्याने मोडणे कठीण. एकाच आळीतील चार घरांनी मिळून मुलांना सोबतीने चालत पाठविले तर ते मोडू लागते.

विद्यार्थीमित्रांनी एक काम अवश्य करावे. सुट्टीच्या दिवशी वडील माणसांच्या सोबतीने पाणीगेटाजवळ सुरक्षित जागी उभे राहून एक तास मोजणी करावी: किती मोटारी गेल्या व त्यांत किती माणसे होती, किती रिक्षा, किती दुचाक्या, आणि किती जण पायी गेले. ते आकडे वहीत मांडून वर्गात त्यांवर चर्चा करावी. रस्त्याचा किती भाग कोण व्यापतो आणि त्यावरून खरोखर किती माणसे जातात, हे त्या वहीत दिसेल. या विषयावर बोलण्याचा अधिकार अशा श्रमानेच मिळतो, आणि उद्या नागरिक म्हणून आपणांस तो बजावावयाचा आहे.