झाडांची काटकसर

दिवाळीचा जमाखर्च मांडायला बसले म्हणजे घरोघरी काटकसरीची आठवण होते. आज मी वाचकांना एका निराळ्याच काटकसरीची हकीकत सांगणार आहे. ती आहे झाडांची.

आमच्या वाशीम जिल्ह्यातले रान पानगळीचे. साग आहे, पळस आहे, मोह आहे. उन्हाळा लागला की साग पाने टाकून मोकळा होतो. पाणीच नाही, तर खर्च तरी कशाला, असा त्याचा रोखठोक हिशेब! कारण झाडाचे पाणी जाते ते मुख्यतः पानांवाटे. पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या खिडक्या उघडल्या की हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साईड, आत येतो. त्यापासून झाड अन्न तयार करते. पण त्याच खिडकीतून वाफ बाहेर निसटते. अन्न हवे तर पाणी गमावलेच पाहिजे, असा हा व्यवहार आहे.

हा कर्बवायू आता हवेत वाढत चालला आहे. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२४ च्या घरात गेला. बाहेर वायू मुबलक असला म्हणजे झाडाला खिडकी अर्धवट उघडूनही भागते, आणि पाणी वाचते.

हे ऐकून आमचे एक शेजारी खूश झाले. म्हणाले, "मग बरेच झाले की हो! आता झाडे कमी पाण्यात भराभर वाढतील."

इतके सोपे असते तर काय हवे होते! बोलिव्हिया, कॅमेरून आणि थायलंड येथील जंगलांतल्या हजाराहून अधिक झाडांच्या खोडांतली वर्तुळे शास्त्रज्ञांनी तपासली. लाकडातल्या कर्बाच्या दोन प्रकारांचे प्रमाण पाहिले की झाडाने पाणी किती बेताने वापरले, ते कळते. २०१५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांत झाडांची काटकसर ३० ते ३५ टक्क्यांनी वाढली होती. पण त्यांची वाढ मात्र जास्त झाली नव्हती.

असे का व्हावे? गृहिणींना हे समजावून सांगायला नको. इकडे चार पैसे वाचवावेत, तर तिकडे महागाई ते गिळते! झाडांची महागाई म्हणजे उष्णता. हवा तापली की ती पानांतली वाफ अधिक जोराने ओढते. शिवाय नुसत्या कर्बाने झाडाचे पोट भरत नाही. जमिनीतले नत्र आणि स्फुरदही लागते.

हा प्रश्न रानापुरता नाही. काटेपूर्णा नदी आमच्या जिल्ह्यात उगम पावते, आणि तिच्यावरील महानच्या धरणाचे पाणी अकोलेकर पितात. झाडे पाणी वाचवतील आणि आपली धरणे भरतील, अशा भरवशावर कोणीही राहू नये.

तेव्हा पावसाळ्यात हौसेने लावलेल्या रोपाला उन्हाळ्यातही पाणी घालावे. अंगणातला पाचोळा जाळू नये. तो रोपाच्या बुंध्याशी पसरावा, म्हणजे ओल टिकते. झाडांनी आपल्या परीने काटकसर केलीच आहे. एवढा हातभार आपण लावायला हरकत नाही.