एक कोयता, दोन जीव

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले तेवढी घरी उरतात. धडधाकट माणसे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात जातात. या व्यवहारात मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, ती ‘कोयत्यां’त होते. पती-पत्नी मिळून एक कोयता! उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला आणि हिशेब बहुधा पतीच्या नावे.

या एका शब्दाने स्त्रीचे श्रम कसे गिळले, ते पाहावे. पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणे यांत तिचा वाटा पुरुषाहून तसूभरही कमी नाही. पहाटे भाकऱ्या थापून ती फडात उतरते आणि रात्री पुन्हा कोपीतल्या चुलीपुढे बसते. परंतु मजुरीच्या वहीत ती नाही. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. पुढे २०१९च्या वेतन संहितेत तो सामावला गेला. पण जिचे स्वतंत्र वेतनच नाही, तिने समानता कशाशी ताडून पाहायची? २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. कार्यालयांतील भगिनींना तिचा लाभ मिळाला, हे योग्यच झाले. फडातल्या भगिनीला मात्र एका दिवसाची विश्रांतीही ‘खाडा’ ठरते आणि खाड्याचा दंड उचलीच्या कर्जात मिळवला जातो.

याचा परिणाम २०१९ साली महाराष्ट्रासमोर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे १७ टक्के! २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हेच प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते. अल्पवयातील विवाह, फडावर शौचालयाचा अभाव, अंगावर काढलेले आजार, कर्करोगाची दाखवलेली भीती आणि खाड्याचा धाक यांची ही गोळाबेरीज आहे. चार दिवस थोडी उसंत आणि वेळेवर साधे औषध मिळाले असते, तर यांतील कितीजणींची शस्त्रक्रिया टळली असती, याचा विचार कोणी करायचा?

साखर कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा सभासद केले; ऊस तोडणाऱ्याला मात्र दारातही उभे केले नाही. व्यासपीठांवरून सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी याचे उत्तर कधी दिले आहे काय?

तथाकथित पुरोगाम्यांचे निदान ठरलेले असते: दोष कुटुंबसंस्थेचा, दोष पुरुषाचा. पण उचलीच्या ओझ्याखाली वाकलेला तो पतीही शोषितच आहे. त्या दोघांत वर्गसंघर्ष पेटवून तिच्या हाती एक रुपयाही अधिक पडणार नाही.

तथापि आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. व्यक्ती नव्हे, कुटुंब हा समाजाचा मूळ घटक, असे आपण अभिमानाने सांगतो. कोयता पद्धतीही कुटुंबालाच घटक मानते! मग भेद कोठे? आपल्या कल्पनेतील कुटुंबात गृहिणीला मान आहे. येथे तिचे नावच पुसले गेले आहे. अर्धनारीनटेश्वरात दोन अर्धी अंगे स्पष्ट दिसतात. एकाने दुसरे झाकलेले नसते. कुटुंबाच्या नावाखाली स्त्रीची मजुरी दडपली जात असेल, तर त्याला संस्कृती म्हणता येणार नाही. ती निव्वळ लूट आहे आणि तिच्याविषयी मौन पाळणे आपल्या समरसतेच्या भाषेला शोभत नाही.

मागण्या साध्या आहेत. करारावर पती-पत्नी दोघांची नावे असावीत. तिची मजुरी तिच्याच बँक खात्यात जमा व्हावी. आजारपण आणि बाळंतपण यांना खाडा लावू नये. पाणी, शौचालय आणि मुलांच्या निवासी शाळेची सोय यांचे उत्तरदायित्व कारखान्याने स्वीकारावे. हे न करणाऱ्या कारखान्यास गाळप परवाना मिळू नये.

शासन करील तेव्हा करील. मकरसंक्रमणोत्सव गळीत हंगामाच्या ऐन भरात येतो. ऊसपट्ट्यातील शाखांनी त्या दिवशी एक डॉक्टर भगिनी सोबत घेऊन जवळच्या कोपींवर जावे. आपल्या घरच्या स्त्रियांनी यंदाचे हळदीकुंकू तेथेच करावे आणि समोर बसलेल्या प्रत्येकीला तिचे नाव विचारावे. ते नाव हंगामाच्या वहीत चढेपर्यंत हा विषय सोडू नये.