वेगाचा दुसरा भाग

पनवेलहून निघून पळस्पे फाटा मागे टाकला की जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कोन हे गाव लागते. एका अंगाला गिरणी कामगारांच्या सोडतीतल्या इमारती, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा आणि जवळूनच जाणारा एक्सप्रेस वे. तिथे सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती ओलांडणाऱ्याला टिपायला २०२४ पासून कॅमेरे आहेत. दुचाकीला तर तिथे प्रवेशच नाही. बाइकवाल्या पोराने तो रस्ता फक्त बघायचा आणि कंटेनरच्या मागे धूर खात शेडुंग गाठायचे. अशा गावाच्या वेशीवर ‘धूम २’ची आठवण निघणे साहजिकच, कारण हिंदी पडद्यावर बाइकला एवढा मोकळा रस्ता क्वचितच मिळाला असेल.

२४ नोव्हेंबर २००६ रोजी आलेला, संजय गढवी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्या वर्षी कमाईत पहिला ठरला आणि चोर झालेल्या हृतिक रोशनला फिल्मफेअरही देऊन गेला. त्यात नवल नाही. नामिबच्या वाळवंटातल्या आगगाडीत चोर खुद्द राणीच्या वेषात राणीचा मुकुट पळवतो. हे पटत नाही, पण बघवते. पुढे मुंबईच्या रस्त्यावर तोच चोर चाकांच्या बुटांवर निसटतो, चालत्या गाड्यांना धरून पुढे सरकतो. कोण कुठे आहे, कोणाच्या मागे कोण लागले आहे, हे एका क्षणालाही हरवत नाही. अलीकडच्या पाठलागांत सेकंदाला तीन तुकडे जोडतात आणि प्रेक्षक धडकेच्या आवाजावरून अंदाज बांधत बसतो. त्या मानाने एलन अमीन यांची साहसदृश्ये आजही स्वच्छ वाटतात. हृतिकच्या अंगात नाचाची जी लय आहे तीच पळण्यातही आहे, आणि कॅमेऱ्याला हे कळले होते.

मग बिनसले कुठे? गॅरेजमध्ये. २००४ च्या पहिल्या ‘धूम’मध्ये अली हा मेकॅनिक होता, शर्यती लावणारा, हात काळे झालेला. चोरांची टोळी दिवसा पिझ्झा पोचवायची. बाइक ही त्या माणसांच्या पोटापाण्याची आणि मिजाशीची वस्तू होती. दुसऱ्या भागात अलीला पोलिसात घेतले, बढती दिली आणि बिचाऱ्याचे पाना-पक्कड कायमचे सुटले. बाइक आता रिओ दि जानेरोत अवतरते. ती कोणाची, कोणी ट्यून केली, टाकीत पेट्रोल किती, हे विचारायचे नाही. बिपाशा बसूला जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका मिळाली, त्यातली एक मुंबईत जखमी होऊन मागे राहते आणि दुसरी समुद्रकिनाऱ्यावर सापडते. पटकथेला एवढी सोय क्वचितच कोणी करून दिली असेल. शेवटी चोराच्या मागावरचे एसीपी साहेब त्याला फिजी बेटांवर हॉटेल चालवताना गाठतात आणि सोडून देतात. खटला नाही, तारीख नाही. पनवेलच्या कोर्टात चेकच्या केससाठी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्याने हा प्रसंग जरूर पाहावा.

गॅरेज सोडून उडायची ही खोड एकट्या ‘धूम’ची नाही. ‘फास्ट अँड फ्युरियस’ २००१ मध्ये ट्रकमधला इलेक्ट्रॉनिक माल पळवणाऱ्या गल्लीतल्या पोरांची गोष्ट होती. २००३ च्या दुसऱ्या भागात नायक उघडत्या पुलावरून गाडी उडवतो. २०२१ च्या नवव्या भागापर्यंत गाडी थेट अंतराळात गेली. पुढचा भाग काढायचा म्हणजे मागच्यापेक्षा उंच उडायचे, एवढाच हिशेब. त्या मालिकेचा नायक पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी खऱ्या मोटारीत, शेजारच्या सीटवर बसलेला असताना गेला. तपासात गाडीचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर निघाला. रस्त्याची मर्यादा ७२ च्या आसपास होती. सातवा भाग त्याच्या भावांना उभे करून आणि संगणकाच्या मदतीने पुरा झाला.

आपल्याकडे पडद्यावरून रस्त्यावर काय उतरले? हृतिकची लय नक्कीच नाही. उतरला तो सायलेन्सरचा आवाज, आणि मंगळसूत्र हिसकावून दुचाकीवर पसार होणारे चोरटे, ज्यांच्या बातमीत आजही ‘धूमस्टाईल’ हा शब्द हमखास असतो. चोरीचे सगळे खापर सिनेमावर फोडणे सोपे आणि आळशीपणाचे आहे. मंगळसूत्रे ‘धूम’च्या आधीही जात होती. पण चोर देखणा, पोलीस प्रेमळ आणि शिक्षा म्हणजे बेटावरचे हॉटेल, हा हिशेब विशीतल्या पोराला लवकर समजतो.

कायद्याचा हिशेब त्याहून गमतीचा. चित्रपट आला तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्याबद्दल पहिल्या खेपेला एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन महिने आणि ५,००० रुपयांवर गेली.

‘धूम’चा तिसरा भाग २०१३ मध्ये शिकागोत झाला. चौथ्याची चर्चा अधूनमधून उठतेच. निर्मात्यांनी तो कुठेही चित्रित करावा, चोराला कोणत्याही राणीचे कपडे घालावेत. फक्त अलीला त्याचे गॅरेज परत द्यावे आणि त्याच्या हातावर पाचशेऐवजी पाच हजारांची पावती ठेवावी.